एकतिसाव्या पानावरील ठिपक्यांची बखर

श्रीशारदा कलमास बळ देवो आणि वाळवीस दूर ठेवो. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरीं, एका राज्यांत सार्वजनिक वाचनालय होतें, तेथील वर्तमान जैसें पाहिलें तैसें लिहितों. ग्रंथपाल राजश्री त्रिंबकराव, जीभ तिखट आणि अंतःकरण लोण्याचें. तेथें वाचकांची एक चाल होती, कीं वाचिलेला ग्रंथ चुकोन पुन्हां घरीं नेऊं नये म्हणोन ज्यानें त्यानें आपल्या ठरल्या पानीं गुपचूप खूण करावी. त्रिंबकराव यावरोन ओरडत, आणि स्वतः सतराव्या पानीं फुली करीत. कैलासवासी धोंडोपंत एकतिसाव्या पानीं शिसपेन्सिलीचा ठिपका देत. ते निवर्तल्यावर त्यांचें कुटुंब गोदाक्का भिंग घेऊन येऊं लागल्या, आणि ठिपका असेल तोच ग्रंथ नेत, आणि वाचोन जाहला कीं शेजारीं आपला ठिपका देत. "संसारभर माझ्याशी चार शब्द धड बोलले नाहीत हो, सगळा वेळ यातच डोकं. आता बघते, होतं काय एवढं," ऐसें म्हणत.

मग परमुलखींचा एक सौदागर दरबारीं आला आणि म्हणाला, "कागद कशास? आम्ही ग्रंथ हवेंतून धाडितों." सरकार बहुत संतोष पावलें आणि वाचकांस कांचेच्या पाट्या वांटिल्या. परंतु करार ऐसा, कीं ग्रंथ सौदागराचाच, वाचनालयानें फक्त वाचावयास द्यावा, आणि एकवीस दिवस भरतांच तो पाटीवरोन आपोआप नाहींसा व्हावा. घरबसल्या ग्रंथ, कोण सोडील? वाचनालय ओस पडलें. गोदाक्कांनींही पाटी घेतली, आणि अक्षरें आवळ्याएवढीं दिसलीं तेव्हां लेकरासारख्या हरखल्या. मग एकतिसावें पान शोधूं लागल्या, तों अक्षर मोठें केलें कीं पानांचा आंकडा बदले, आणि ठिपका तर कोठेंच नाहीं. तरी नेटानें वाचीत राहिल्या. अकरा पानें उरलीं, आणि एकविसावा दिवस सरला, आणि ग्रंथ गेला, आणि तो पुन्हां मागावा तर पुढें चाळीस जणांची रांग. आक्का वाचनालयीं येऊन म्हणाल्या, "त्रिंबकराव, शेवट राहिला हो!"

"मुदत वाढवणं माझ्या हातात ठेवलंय होय त्यांनी?" ऐसें म्हणोन त्रिंबकरावांनीं मान खालीं घातली आणि सरकारचा नवा हुकूम दाखविला, कीं तीन वर्षें कोणी न नेलेले ग्रंथ सोमवारीं रद्दीस घालावे. आक्कांनीं तो भिंगाखालीं धरिला आणि म्हणाल्या, "अहो, यांचे किती राहिलेत अजून वाचायचे!"

तेव्हां त्रिंबकरावांस नियम आठवला, कीं वाचकाच्या घरीं असलेला ग्रंथ रद्दींत काढितां येत नाहीं. मग दारीं फळा लाविला, "एकतिसावे पान पाहणारे पाहिजेत," आणि काय सांगावें, पाट्या काखेंत मारोन गांव लोटला, आणि लोक शिंकत, धूळ झाडीत पानें उघडूं लागले, आणि "सापडला! सापडला!" ऐसा एकच गलका. तेवीस ग्रंथ निघाले, ते तेवीस घरीं गेले. बाकीचे पुष्कळ सोमवारीं रद्दीस गेले, खोटें कां लिहावें? त्या दिवशीं त्रिंबकराव जेवले नाहींत.

मग पंधरवड्यास एक ग्रंथ आक्कांकडे येई, आणि ठिपक्यास जोडीदार मिळे. बावीस जाहले. तेविसावा मात्र आक्का दर खेपेस तैसाच घेऊन येतात, आणि त्रिंबकराव एकतिसावें पान पाहतात, तों तेथें ठिपका एकच.

"व्हायचाय का अजून?"

"व्हायचाय."

"मग असू द्या. कुणी मागितलेला नाही," ऐसें म्हणोन तारखेचा नवा शिक्का मारितात.

एवंच, हवेंतला ग्रंथ वाईट ऐसें आम्ही म्हणत नाहीं, आमचेंही घरीं पाटी आहे. परंतु मुदत वाढविणारें माणूस तींत घालितां आलें तर सौदागरानें अवश्य घालावें. तो तेविसावा ग्रंथ चौघांनीं मागितला आहे, हें आम्हांस पक्कें ठाऊक, कारण चौथे आम्हीच. आम्हांस घाई नाहीं.