सैल माल बाहेर जात नाही

फ्रिजमधलं दूध, लोणी, भाजी, सगळं ओट्यावर आलं आणि मधल्या कप्प्यात एक काचेची पेटी जाऊन बसली. पेटीत पारदर्शक जेली. जेलीत दोरे, इलॅस्टिक, बिया, द्राक्षं आणि मधोमध एक लठ्ठ खजूर, अंगभर मोहरी चिकटवलेला.

"हे खायचंय की टाकायचंय?" सासूबाईंनी विचारलं.

"शिकवायचंय, आई," सून म्हणाली. "कुणी हात लावू नका हं."

या घरात असं म्हणणं म्हणजे हात लावायचं आमंत्रणच. पण सून पडली शिकलेली, तिला एवढं कुठून कळणार?

ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण हंगामी. शाळेला सुट्टी लागली की हिची नोकरीही सुट्टीवर. आता एक जागा कायमची निघाली होती आणि उद्या सकाळी मुख्याध्यापिकांसमोर पाठ घेऊन दाखवायचा होता. दुसरी उमेदवार पडद्यावर हलणारी रंगीत चित्रं आणणार होती. विषय दोघींना एकच: विरल संयोजी ऊती.

"हे काय प्रकरण?" सासूबाईंनी पेटीवर नाक टेकवलं.

"आपल्या कातडीखाली, अवयवांच्या मधे भरलेलं असतं ते. सगळ्यांना जोडतं, जागच्या जागी धरून ठेवतं. ही जेली म्हणजे आधारक. पांढरे दोरे मजबुतीचे तंतू, इलॅस्टिक म्हणजे ताणले जाणारे तंतू. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे हे तंतू तयार करणाऱ्या पेशी. द्राक्षं चरबीच्या पेशी. आणि खजूर म्हणजे भक्षक पेशी. आत शिरलेले जंतू, म्हणजे ही मोहरी, कचरा, समोर येईल ते खाते."

सासूबाईंनी खजुराकडे पाहिलं, मग पलंगावर पसरलेल्या सासरेबुवांकडे पाहिलं.

"आणि दोरे असे सैल का सोडलेस?"

"सैलच असतात, आई. म्हणून तर कातडी हलते, मधे पाणी राहतं, पेशींना फिरायला जागा मिळते."

"सैल!" सासूबाई म्हणाल्या, तेही झुरळ म्हणावं तसं.

त्यांचं गाद्यांचं आणि सोफ्यांचं दुकान होतं. हातात दाभण धरून त्यांनी संसार उभा केला होता, नवऱ्याला बसवून खायला घातलं होतं, मुलाला लाकूडकाम शिकवलं होतं. त्यांच्या सोफ्यावर बसलेल्या माणसाचं बूड खाली टेकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सैल माल दुकानाबाहेर जात नाही, हे त्या गिऱ्हाइकाला आधी सांगत आणि भाव मग.

सून तक्ते रंगवायला मैत्रिणीकडे गेली. सासूबाईंनी फ्रिज उघडला, बंद केला. पुन्हा उघडला. ते लोंबणारे दोरे काही बघवेनात. उद्या चार शहाणी माणसं हे बघणार आणि म्हणणार, गादीवालीच्या घरची सून आणि काम बघा कसं! पोरीची नोकरी जाईल ती याच्यापायी.

"दोन टाके तर घालायचेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पण जेलीत दाभण चालेना. म्हणून त्यांनी पेटी गरम पाण्यात ठेवली. जेली विरघळली. ती पातेल्यात ओतली, त्यातच द्राक्षं आणि खजूर. दोरे, इलॅस्टिक आणि बिया वेगळ्या काढल्या आणि पेटी घेऊन त्या दुकानात जाऊन बसल्या. तिथे त्यांनी पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण एक दोरा ओढून ताणून शेजारी शेजारी बांधला. बोट मारलं की वाजेल असा. बियासुद्धा मधल्या फटींत रांगेनं बसवल्या. काम झाल्यावर त्या मान वाकडी करून बघत राहिल्या. नजर लागेल असं काम झालं होतं.

पातेलं आणायला घरात आल्या तर सासरेबुवा तोंड पुसत उभे.

"सरबत छान झालं होतं गं. लिंबाचं ना? खजूर मात्र कुणी घातला? मोहरी लागत होती."

वाण्याकडे बिनचवीची जेली मिळाली नव्हती म्हणून सुनेनं लिंबाची आणली होती. तेवढं एकच पाकीट होतं.

"अहो, खजूर खाल्लात?"

"खजूर खातातच. द्राक्षं पण खाल्ली."

"ती पेशी होती! सगळ्यांना खाणारी!"

"मग तिला आता कळलं असेल कसं वाटतं ते," सासरेबुवा म्हणाले आणि पुन्हा पलंगावर गेले.

आता पेटीत ओतायचं काय? सासूबाईंनी मुलाला हाक मारली. तो टीपॉयच्या लाकडातल्या भेगांत पारदर्शक, सुकून कडक होणारं रेझिन भरत होता. बायकोच्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर त्यानं आगापीछा बघितला नाही. "जेलीपेक्षा हे बरं," तो म्हणाला. "सांडायची भीती नाही." आणि उरलेला डबा पेटीत रिकामा केला.

संध्याकाळी सून आली. तिनं फ्रिज उघडला. मग दुकानात आली. पेटीवर बोट वाजवलं. टक् टक्.

"हे काय केलंत?"

सगळ्यांनी एकदम सांगितलं. तिनं स्टूल ओढलं आणि डोकं धरून बसली.

"आई, तंतू असे घट्ट आणि समांतर झाले की ती विरल ऊती राहत नाही. तो स्नायुरज्जू होतो, स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. बाबांनी जे प्यायलं, त्यात आधारक पातळ होतं. आधारक पातळ झालं की त्या ऊतीला रक्त म्हणतात."

"मी रक्त प्यायलो?" सासरेबुवा उठून बसले.

"आयुष्यभर तेच केलंत," सासूबाई म्हणाल्या. "पुढं सांग गं."

"आणि यांनी ते दगडासारखं केलं. आधारक दगडासारखं झालं की हाड." तिला रडू फुटलं. "मला एकच ऊती करायची होती हो. तीच तेवढी घरात राहिली नाही."

"अगं पण," मुलगा चाचरत म्हणाला, "एका पेटीत तीन झाल्या ना?"

सुनेनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो टीपॉयमागे गेला. पण ती रडायची थांबली, हेही खरं.

सकाळी पेटी इतकी जड झाली होती की उचलायला सासूबाईच लागल्या. शाळेत त्या शेवटच्या बाकावर पाठ ताठ करून बसल्या. दुसरीची चित्रं आधीच हलून झाली होती आणि निम्मा वर्ग पेंगत होता. सुनेनं पेटी टेबलावर आदळली आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. पेशी, तंतू आणि आधारक, सामान तेच. तंतू ताणले की दोर, आधारक पातळ झालं की रक्त, कडक झालं की हाड. खजुराशी आली तेव्हा पोरं बाकावर पडून हसत होती. एकानं विचारलं, "आजोबांच्या पोटात ती पेशी अजून खातेय का?"

मुख्याध्यापिका मात्र हसल्या नाहीत. "छान. पण पाठ विरल ऊतीचा होता. ती कुठाय?"

सुनेनं पेटीकडे पाहिलं. पेटीत सैल असं काही औषधालासुद्धा नव्हतं. मग तिची नजर सावकाश शेवटच्या बाकावर गेली आणि तिथेच थांबली.

"आई," ती घाबरत म्हणाली, "जरा पुढे येता? बाही वर करून?"

सासूबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेनं एरवी गिऱ्हाईक भाव न करता पैसे देऊन जायचं. मग त्या उठल्या, पुढे गेल्या, बाही वर सारली आणि दंड आडवा धरला. दंडाखालची कातडी निवांत लोंबली.

"चिमटीत धरा," सून म्हणाली. "सरकते ना? सोडली की परत जागेवर. हे सरकणं आणि परत येणं विरल ऊतीमुळे."

वर्ग रांगेनं आला. मुख्याध्यापिकासुद्धा आल्या आणि त्यांनी तर दोनदा हलवून पाहिली.

"बाई, इथे चरबीची पण ऊती आहे!" एक पोरगी ओरडली.

"शाब्बास," सून म्हणाली.

"हळू गं भवाने," सासूबाई म्हणाल्या. "माल जुना आहे. टाके अजून धरून आहेत, म्हणून कुणीही ओढायचं नाही."

नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली. दरवर्षी या पाठाला आजींना घेऊन या, असंही मुख्याध्यापिकांनी वर सांगितलं. परतताना सुनेनं रस्ताभर सासूबाईंचा हात सोडला नाही आणि सासूबाईंनीही तो सोडवून घेतला नाही.

दारात सासरेबुवा उभे होते. "मिळाली?"

"मिळाली!"

"कशामुळे मिळाली?"

सुनेनं तोंड उघडलं. सासूबाईंनी बाही ओढून पार मनगटापर्यंत आणली, गुंडी लावली आणि म्हणाल्या, "रेझिनमुळे."