पाटीलभाऊंचं पहिलं दुकान

पाटीलभाऊ माणसाचं नाव विसरतील, त्याचा नंबर नाही. ओळखीच्या प्रत्येकाला त्यांनी नंबर दिलाय. नंबर जितका लहान, तितका मान मोठा. मला अठरा. आणि वॉटर कूलर दुरुस्त करणाऱ्याला बारा! मी तावातावाने जाब विचारला, तर म्हणाले, "ताई, तुम्ही सल्ले फार देता. तो बिचारा नुसता कूलर दुरुस्त करतो."

सुरतेच्या बमरोलीतल्या साड्यांच्या मिलमध्ये मी माल रवाना करते आणि पाटीलभाऊ कॉम्प्युटर सांभाळतात. माणूस मूळचा धुळ्याकडचा, राहायला नवागामला, एकटाच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. खुर्चीत म्हणून टिकत नाहीत. बसले की उठतात, उठले की खिसे चाचपतात, आणि अपग्रेड जवळ आलं की विचारूच नका!

आमची मशीनं लिनक्सवर चालतात. त्यांचे प्रोग्राम इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या भांडारांतून येतात. त्यांना रिपॉझिटरी म्हणतात. पाटीलभाऊ 'दुकानं' म्हणतात. "एकच वस्तू दोन दुकानांत असली, की मशीन नवी दिसेल ती उचलतं. लई हावरं असतं! म्हणून दुकानांना आधी नंबर द्यायचे. कोणाचं ऐकायचं, ते भांडणाआधीच ठरवावं."

हाच नियम त्यांनी बारडोलीला पुतण्याच्या लग्नात लावला. दोन मामांची जुंपली, तेव्हा हे भर मांडवात म्हणाले, "थोरल्यांचा नंबर पाच, धाकट्यांचा वीस. विषय संपला." धाकटे मामा न जेवताच सुरतेला परतले.

पहिला नंबर मात्र कुणा माणसाला नव्हताच. तो होता त्यांच्या लेकीच्या दुकानाला. मनीषाने कॉलेजात असताना आमचा पावत्या छापायचा प्रोग्राम सुधारून दिला आणि स्वतःच्या छोट्याशा भांडारात ठेवला. दुपारच्या पावत्या संपल्या की स्क्रीनवर अहिराणीत ओळ यायची: 'बाबा, बठ्ठं बराबर शे. आते जेवी ल्या.' म्हणजे सगळं ठीक आहे, आता जेवून घ्या. ती ओळ आल्याशिवाय हे डबा उघडत नसत.

पुढे मनीषाने आपल्या मनाने लग्न केलं, थेट कोइमतूरला. यांनी बोलणं टाकलं. लेकीशी अबोला, आणि तिच्या दुकानाला नंबर एक! शेठ त्या अहिराणी ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "पाटीलभाई, आ शुं लख्युं छे? काढी नाखो ने!" हे म्हणायचे, "काढलं तर पावत्या बंद पडतील, शेठ." खोटं. साफ खोटं.

यंदा जुनी प्रणाली फारच म्हातारी झाली, म्हणून शेठने दुसऱ्या जातीचं लिनक्स घ्यायचं ठरवलं. पाटीलभाऊंनी आठवडाभर माझं डोकं उठवलं. "ताई, तिचं पुसलं जाणार नाही ना?" मला काय कप्पाळ कळतंय! शेवटी रविवारी, मिल बंद असताना, काम उरकलं. पावत्या चकाचक निघाल्या. शेठ खूश झाले, सगळ्यांना नाश्त्याला गरम लोचो मागवून घरी गेले.

पण स्क्रीनवर अहिराणी ओळ नव्हती. 'काम पूर्ण' अशी कोरडी इंग्रजी पाटी. पाटीलभाऊ खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. मी घाबरले.

"एक नंबर दिला होता हो! सगळ्यांच्या आधी दिला होता!"

मग त्यांनी माहिती उघडून वाचली. या लिनक्सचा कायदा उलटा. इथे नंबर मोठा, तर मान मोठा. एक म्हणजे सगळ्यांत शेवटी. मोठ्या दुकानातला त्याच नावाचा नवा प्रोग्राम येऊन मनीषाच्या जागी बसला होता.

"मग द्या की मोठा नंबर!"

"दिला. नऊशे दिला. पण नवं बसलंय, आता मशीन जुन्याकडे वळत नाही."

"मनीषाला विचारा."

ते पुन्हा तोच आकडा घालू लागले. मग मात्र माझं टाळकंच सरकलं. "अहो, बायकोमागे एवढी एकच पोर आहे तुम्हाला! कसला बाणा मिरवताय?" त्यांचा फोन ओढला, नंबर लावला, स्पीकर चालू करून समोर धरला.

पहिल्याच रिंगला आवाज आला. "बाबा? काय व्हयनं?"

कशी आहेस नाही, काही नाही. हा माणूस एकदम म्हणाला, "मन्ये, तुझं दुकान मागं पडलं गं. माझ्या हातानं पडलं."

तिने आकडा विचारला, यांनी सांगितला. मग म्हणाली, "हजाराच्या वर टाका, बाबा. हजाराच्या वर गेलं की मशीन जुनंही परत घेतं."

त्यांनी आकडा घातला, एंटर दाबलं. मी बघतच होते. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. प्रोग्राम परत बसला.

"व्हयनं का?" मनीषाने विचारलं.

"नही, चालूच शे," पाटीलभाऊ म्हणाले. "येळ लागी. तू बोल ना. जावई कसा शे?"

जावई हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मनीषा सांगू लागली. घराचं, नोकरीचं, तिथल्या आंबट भाताचं. मधूनच विचारायची, "झालं का हो?" आणि हे त्या काम संपवून थांबलेल्या स्क्रीनकडे बघत म्हणायचे, "अजून नही."

एवढ्याशा कामाला किती वेळ लागतो, हे तिला आम्हा दोघांपेक्षा चांगलं माहीत. तिनेही फोन ठेवला नाही.