समोरच्या दुकानातला सर्व्हर

कळमनुरीत विजयकुमारचं लग्नपत्रिकांचं दुकान झकास चाललं होतं. पण २००५ साली समोरच्या पत्रिकावाल्या रत्नपालने सगळ्या फाइली ठेवायला जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाच्या फुकटातल्या सिस्टिमचा सर्व्हर बसवला आणि विजयकुमारच्या पोटात दुखू लागलं. गिऱ्हाइकं याच्याच खुर्चीत बसून त्याचं कौतुक करत, त्याच्याकडं म्हणं व्हायरस येत न्हाई. विजयकुमार जळायचा, अगदी ताटावर बसल्यावरही. दोन घास खाऊन उठायचा.

शेवटी त्यानेही सर्व्हर बसवायचं ठरवलं. बायको मंजुषा म्हणाली, रत्नपालचंच लिनक्स घ्या, अडलं तर माणूस समोर आहे. नेमकं म्हणूनच विजयकुमारने लिनक्स नाकारलं आणि नांदेडहून फ्रीबीएसडीची सीडी आणली. तीही सिस्टिम फुकट, तीही मजबूत, आणि मुख्य म्हणजे रत्नपालकडे नसलेली. ती आसपास कुणालाच येत नव्हती, हाही त्याच्या लेखी गुणच होता.

फाइली होत्या त्याच मशीनचा सर्व्हर करायचा होता. सीडीने विचारलं, पूर्ण डिस्क वापरू का? अर्धवट काम विजयकुमारला कधीच आवडत नसे. त्याने होय म्हटलं आणि पाच वर्षांच्या पत्रिका पुसल्या गेल्या.

दुसऱ्याच दिवशी जुनं गिऱ्हाईक ग्यानबा धाकट्या लेकीची पत्रिका करायला हजर. थोरलीचीच छापायची, फक्त नवरा-नवरी आणि तारीख बदलायची.

"खाली एकशेचाळीस नावं हायेत. त्याच क्रमानं पायजेत, न्हाईतर भावकी मांडवात पाय ठेवत न्हाई. घरी एक बी पत्रिका उरली न्हाई, पन तुझ्या मशीनीत हाय म्हणून निर्धास्त हाव."

उद्यापर्यंत जमलं नाही तर समोर जाईन, असंही तो जाता जाता सांगून गेला.

विजयकुमार डोकं धरून बसला. मंजुषा रस्ता ओलांडून गेली आणि अर्ध्या तासात सीडी घेऊन आली. त्यात ग्यानबाची पत्रिका होती, एकशेचाळीस नावांसकट. मग तिने कबूल केलं. दोन्ही दुकानांची छपाई नांदेडला व्हायची, म्हणून एका फेरीत भागावं यासाठी ती नवऱ्याच्या पत्रिकांच्या फ्लॉप्या रत्नपालच्याच हाती पाठवत असे.

विजयकुमार तणतणत समोर गेला. रत्नपालच्या सर्व्हरवर 'विजयकुमार' नावाचं अख्खं फोल्डर होतं.

"माझ्या फाइली काहून ठेवल्या?"

रत्नपालने मान खाली घातली. "तुझ्यासारखी वेलबुट्टी मला जमत न्हाई. पाहू पाहू शिकून राहिलो. सर्व्हर बी त्याच्यासाठीच बसवला, माझ्या मशीनीत मावंनात."

विजयकुमारला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्याने रत्नपालला तिथल्या तिथे माफ केलं, चहा पाजला, आपल्याही मशीनवर लिनक्स टाकून द्यायला सांगितलं. निघताना पुन्हा एकदा कौतुकाने स्क्रीनकडे पाहिलं. आपल्या फोल्डरच्या वर आणखी एक होतं, 'भावसिंग पत्रिकावाले, वारंगा फाटा'. ते त्याच्या दुप्पट मोठं होतं.

त्या दुपारी विजयकुमार दोन घास खाऊन उठला.