जांभळ्या परकराचा अहवाल

दोन हजार आठ साली परदेशातल्या बॉटनी डाउन्सच्या आमच्या मराठी मंडळाने दिवाळी संमेलनाच्या अर्जात एक रकाना वाढवला : ‘लाल की निळे?’ लाल आणि निळे हे इथल्या दोन मोठ्या पक्षांचे रंग; संमेलनानंतर आठवड्यातच देशाची निवडणूक होती आणि मागच्या खेपेस भर पंगतीत दोन इंजिनिअरांनी राजकारणावरून एकमेकांच्या शर्टाला श्रीखंड लावले होते. म्हणून शांततेसाठी लाल पक्षवाल्यांचे संमेलन अकरा ते एक आणि निळ्यांचे दोन ते चार, असा ठराव झाला. हॉल तोच, केटरर तोच, निवेदकही तोच. त्याने फक्त जाकीट बदलायचे.

मला दोन्ही पक्षांचा वीट आलेला. मी रकाना कोरा ठेवला. पण माझी आठ वर्षांची नात सिद्धी तीन महिने नाचाची तालीम करत होती.

सचिव रमणचा फोन आला. “पुरुषोत्तमकाका, सिद्धीचा नाच कुठल्या सत्रात घालू?”

“दोन्हींत फरक काय रे?”

“काय बोलता काका! जमीन-अस्मानाचा. त्यांचा पडदा डावीकडून उघडतो.”

“आणि माणूस कुणाचाच नसेल तर?”

“तशी तरतूद नाही.” मग त्याला दया आली. “एक ते दोन हॉल मोकळा असतो. व्हॅक्यूमसाठी.”

त्याप्रमाणे सिद्धी व्हॅक्यूमच्या घरघरीत नाचली. जाणारे लाल आणि येणारे निळे दारातच थबकले. दोन्ही पक्ष एका दारात! माझा ऊर भरून आला.

“परकर निळा आहे हो तिचा,” लालांच्या विभावरीताई कुजबुजल्या.

“निळा? चांगला तांबडा मारतोय!” निळ्यांचे बाळासाहेब गरजले.

परकर जांभळा होता. दोन समित्या नेमल्या गेल्या. एकीने तो खिडकीशी तपासला, दुसरीने ट्यूबलाइटखाली. सोमवारी दोन परस्परविरोधी अहवाल आले. माझ्याविरुद्धचा निषेध मात्र दोन्हींत शब्दशः सारखा होता. वैतागून मी मतदानालाच गेलो नाही, तर समोरचे माझ्यामुळेच फोफावले, असे दोन्हींकडून लेखी कळवण्यात आले.

सिद्धीने विचारले, “आजोबा, डिड एनीवन वॉच माय डान्स?”

“पुष्कळांनी, बाळ.”

“व्हॉट डिड दे से?”

त्यांचे सोडा हो. पोरगी कुठला नाच नाचली, हे एवढे वाचून तुम्ही तरी कुठे विचारलेत?