ऑर्विल स्कॅग्ज गप्प बसतो

केंटकीच्या डोंगरातल्या त्या कोर्टात वेंडेल स्परलॉक म्हणजे गरिबांना फुकट मिळणारा वकील. खटले दीडशे, वकील एकटा. पण गडी कधी कुरकुरला नाही. म्हणायचा, "अशिलाला दहादा कशाला भेटायचं? व्हरांड्यात पाच मिनिटं दिली की माणूस तयार. हातखंडा आहे आपला."

त्या मंगळवारी एका सकाळीच सतरा तारखा. फायलींचा भारा काखेत, गार पाव तोंडात, तशातच त्यानं हाक मारली, "स्कॅग्ज!"

बाकावरचा एक दाढीवाला उठला. वेंडेलनं त्याला खांबामागं ओढलं.

"भावाभावांत शिकारी कुत्रीच्या चोरीचं, तेच ना?"

"हो, पण मी तर..."

"बघ, लगेच तोंड उघडलंस. आज चोरी शाबित झाली की शाळेच्या बसवरची ड्रायव्हरकी गेली."

दाढीवाल्याचा चेहराच उतरला. "नोकरी जाते? हे कुणी बोललं नव्हतं."

"मी बोलतोय ना आता. कुणीही काहीही विचारू दे, गप्प बसायचं. वकिलानं सांगितलंय म्हणायचं."

खटला पुकारला. वेंडेल टेबलाशी बसतो न बसतो तोच दाढी सफाचट केलेला एक माणूस धापा टाकत शेजारी येऊन टेकला.

"तू कोण रे?"

"डेंटन स्कॅग्ज. तुमचा अशील. गाडी लावायला जागाच मिळेना."

"मग तो दाढीवाला?"

"ऑर्विल. आमचा थोरला. कुत्री त्याचीच."

वेंडेल ऑर्विलला गाठायला उठला. तोवर ऑर्विल साक्षीला उभा राहिला होता.

सरकारी वकिलानं विचारलं, "कुत्री कुणी नेली?"

"वकिलानं गप्प बसायला सांगितलंय."

न्यायाधीशबाईंनी चष्मा खाली केला. "कुठल्या वकिलानं?"

ऑर्विलनं बोट दाखवलं. वेंडेल छताकडं असा बघत होता, जणू तिथं कुणी उत्तर लिहून ठेवलंय.

"स्परलॉक, फिर्यादीलाच पढवलंत?"

"माणूस चुकला, बाईसाहेब. स्कॅग्ज म्हटलं, हा उठला."

बाईंनी त्याला भर कोर्टात धुतला, वाळत घातला, मग ऑर्विलकडं वळल्या. "हा तुमचा वकील नाही. बोला मोकळेपणानं."

ऑर्विलनं डेंटनकडं बघत दाढी खाजवली. "कुत्री आलीय घरी. ह्याची नोकरी घालवून मला काय मिळायचंय? काही म्हणणं नाही माझं."

सरकारी वकिलानं फाईल मिटली. खटला निकालात.

व्हरांड्यात येईस्तोवर वेंडेलची छाती पुन्हा फुगली होती. "सुटलास की नाही?"

"सुटलो," डेंटन म्हणाला. "वकीलसाहेब, पुढं कधी माझी भानगड झाली तर ऑर्विललाच भेटा. खटल्याबद्दल माझ्याशी तुम्ही अजून बोललाच नाहीत."