‘जाऊन राहिलो’चा खटला

डोमामामासमोर कागदावर काही लिहिणं धाडसाचं काम होतं. लिहिणाऱ्याचा टाक थांबला की मामा म्हणायचा, "वाचून दाखव." गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, तेव्हाही हेच.

"अहो, औषधाचं नाव आहे."

"मी खोकला म्हनलो होतो. तुमी खोकलाच लिवले का?"

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. औषध आपणच मंजूर केल्यासारखी मामाने मान डोलावली.

एका लग्नात आहेर लिहिणाऱ्याने नुसतं ‘डोमाजी, चिचगड’ लिहिलं, तर मामाने मांडवातली रांग थोपवली. "डोमाजी नाकेदार लिव."

"मामाजी, तुमाले तं काढलं ना नोकरीतून?" रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"साहेबानं काढलं. मी नाई निघालो."

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. चिचगडकडच्या जंगलात मामाने सारी उमर त्यात घातली. मामा वारला त्याला आता वर्ष होईल. घरात कोणी त्याची नक्कल केली की आधी हसू येतं, मग आठवण.

मामाची नोकरी गेली तेव्हा विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि खात्यात पुण्याकडचे एक साहेब आले होते. मामाच्या हद्दीतून चोरट्या सागाची बैलगाडी निसटली. चौकशीत मामा म्हणाला, "मी घरी जाऊन राहिलो होतो, तेवढ्यात गाडी दिसली. मी मांगं धावलो." आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत याचा अर्थ, मी घरी जात होतो. साहेबांच्या कारकुनाने ते शुद्ध भाषेत उतरवलं: ‘मी घरी जाऊन तेथेच राहिलो होतो.’ मामाला सही येत होती, वाचता येत नव्हतं. त्याने सही केली. पहारा सोडून घरी राहिला म्हणून बडतर्फ झाला.

नातेवाईक म्हणाले, साहेबाचे पाय धर. मामाने नागपूरच्या हायकोर्टाची वाट धरली.

"हे पाहा," तिथले वकील म्हणाले, "गाडी कोणी नेली ते कोर्ट शोधणार नाही. चौकशीत तुमचं नीट ऐकून घेतलं की नाही, एवढंच बघेल."

"मंग मी इतके दिवस का बोंबलून राहिलो?"

"पण घरी कशाला जात होता? कारण सबळ असेल तर अर्जात घालू. कोणी आजारी होतं?"

"जंगलाचं विचारा, वकीलसाहेब. घराचं काऊन विचारता?"

वकिलांनी परोपरीने सांगितलं. मामा हलला नाही.

सुनावणीला मी बरोबर होतो. खात्याने परत मागितलेला खाकी कोट घालून मामा मागच्या बाकावर बसला होता. सगळं इंग्रजीत चाललं होतं. जबानीवर याचीच सही आहे, असं सरकारी वकील ठासून सांगत होते. न्यायाधीशांनी आमच्या वकिलांना एकदम मराठीत विचारलं, "तुम्हीही तिकडचेच, साकोलीचे ना? मग तुमच्याकडे ‘जाऊन राहिलो होतो’ म्हणजे काय?"

वकिलांची इंग्रजी सुटली. "तेच तर सांगून राहिलो, साहेब..."

"पाहा!" मामा उभा राहून ओरडला. "सांगून राहिले! सांगून तिथंच राहिले का?"

पट्टेवाल्याने त्याला खाली दाबलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसला.

जबानी वाचून न दाखवता सही घेतली आणि तिच्याच आधारावर नोकरी घेतली, ही चौकशीच नव्हे, असं कोर्टाने म्हटलं. बडतर्फी रद्द झाली. मामा त्याच कोटात कामावर रुजू झाला.

घरी का जात होता, ते मात्र त्याने सांगितलं नाही. मामी वारल्यावर एकदा मीच विचारलं.

"पोरगा तापानं गेला ना, तवापासून तुयी मामी दिवेलागणीले त्याचं ताट वाढत होती," मामा म्हणाला. "भरलं ताट तसंच राह्यलं तं रातभर त्याच्याजवळ बसून राहे. म्हनून मी जाऊन ते ताट जेवून येत होतो. कोर्टात सांगतलं असतं, तं त्यायनं कागदावर लिवलं असतं, बाई येडी हाय. माह्या बायकोले सरकारनं येडी लिवावं?"

मी विचारलं, "आणि तुमचं ताट, मामाजी?"

"तेबी जेवत होतो. तिनं माह्यासाठी वेगळं रांधलं राहे ना."