पेट्रोल येऊन नाही राह्यलं

वामनभाऊ पेट्रोल चाखून बघतात. बॉनेट उघडायचं, नळी काढायची, तोंडाने ओढायची आणि थुंकून निदान सांगायचं, "मास्तर, पेट्रोल येऊन नाही राह्यलं." गाडी बंद पडल्यावर हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण भाऊंना ते दर वेळी नव्याने कळतं.

मोहाडीत आमची घरं लागून. त्यांचा लुगड्यांचा धंदा, माझी शाळेतून सुटका झालेली. "घरी बसून काय करता? चला," म्हणून ते मला गाडीत घालतात. मी थकलो आहे हो. धक्का मारता मारता या रस्त्यांवरचा प्रत्येक मैलाचा दगड मी जवळून पाहिला आहे. भंडारा जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा लोक हळहळले. मला वाटलं, चला, आता ढकलायला अर्धाच जिल्हा उरला.

गाडी जुनी. वीस-पंचवीस किलोमीटर गुमान चालते, मग आचके देते आणि मरते. अर्धा तास बसलं की पुन्हा चालू. भाऊंनी फिल्टर बदलला, पंप बदलला, कार्ब्युरेटर तर घरच्या भांड्यांपेक्षा जास्त वेळा धुतला. हे निदानाचं वेड माणसांवरही चालतं. माझे जावई आठपर्यंत लोळत पडले तर म्हणाले, "जावईबापूचं बी पेट्रोल येऊन नाही राह्यलं."

यंदा मात्र त्यांच्या नागपूरच्या मुलाने फोनवर ठणकावलं, "पवनीला नात्यातल्या लग्नाला येताना वाटेत एकदा जरी बंद पडली, तर गाडी भंगारात." भाऊ दोन घास कमीच जेवले. एवढा जीव त्या डबड्यात कशासाठी, मला कळेना.

लग्नाच्या दिवशी भंडारा ओलांडलं आणि गाडीने आचके दिले. भाऊंनी नळी तोंडात धरली. मी वैतागून, निदान टाकीत पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून, टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. भाऊंनी नळी परत लावून किल्ली फिरवली तर गाडी चालू!

झाकण उलटं करून बघितलं. हवेसाठीचं बारीक भोक वाळक्या साबणाने बुजवलेलं. आत हवाच जात नव्हती, मग पेट्रोल पुढे सरकणार कसं?

"कोणत्या गाढवानं केलं हे?"

"मीच," भाऊ म्हणाले. "तुमच्या वहिनीले पवनीच्या वैद्याकडे नेत होतो न, तवा. पेट्रोलच्या वासानं उलट्या होत तिले. म्हणून साबण लावलं. मंग गाडी थांबे, ती झाडाखाली बसे. तेवढंच बरं वाटे तिले."

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली.

"म्हणजे तुमाले माहीत होतं? मंग पंप, फिल्टर?"

"लोकायले काय सांगू? साबण काढवत नोहतं, मास्तर."

इतकी वर्षं मी उगाच ढकलत होतो. रागवायला हवं होतं, पण मला रडू आलं.

भाऊंनी किल्लीच्या टोकाने साबण खरवडून काढलं. गाडी वाचवायची तर दुसरा इलाज नव्हता. मग ती तक्रार न करता धावत सुटली. आत पेट्रोलचा वास भरला. पवनीच्या अलीकडे एका कडुनिंबापाशी त्यांनी स्वतःच ब्रेक दाबला. इंजिन चालूच होतं.

"ती इथं बसे," एवढंच म्हणाले.

"उतरा भाऊ. बसू थोडं."

आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मुलगा मांडवाच्या दारातच उभा होता.

"पडली न बंद?"

"नाही बाबू," मी म्हटलं. "माह्यासाठी थांबवली होती."